मानाचे शब्द व हीनतेचे शब्द

खेड्यांतील मंडळ्या, उपदेशक व शाळामास्तर यांच्याकरितां अभ्यासाचा पाठ

अंगावरच्या वस्त्रांवरून मनुष्याचा दर्जा ओळखतात असें म्हणतात. परंतु खेड्यांत वस्त्रांच्याहि आधीं बोलते ती जीभ. चावडीपुढें दोन माणसें भेटलीं, तर तीं एकमेकांस काय म्हणून हांक मारितात एवढें ऐकलें कीं, ज्यास डोळ्यांनीं दिसत नाहीं त्यासहि कळून येतें कीं, या दोघांत थोर कोण मानला जातो व हलका कोण. असे शब्द आपण लहानपणीं आईच्या मांडीवर शिकतों; म्हणून ते आपणांस वाऱ्यापाण्यासारखे स्वाभाविक वाटतात, आणि त्यांचा विचार करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

या पाठांत आम्ही तो विचार करणार आहों. उपदेशक, शाळामास्तर व मंडळीचे वडील यांस तर तो विशेष अगत्याचा आहे. कारण शाळेचा हजेरीपट, मंडळीची नोंदवही, लग्नाची व बाप्तिस्म्याची नोंद हीं सर्व त्यांच्या हातांत असतात. त्यांनीं जें नांव जसें लिहिलें, तसेंच तें पुढें पन्नास वर्षें चालतें.

सोनार सोनें कसोटीवर घासून पाहतो, तसा प्रत्येक शब्द दोन प्रश्नांवर घासून पाहावा. पहिला प्रश्न: हा शब्द ज्यास म्हटला, त्यास तोच शब्द परत म्हणतां येतो काय? दुसरा प्रश्न: हें नांव ज्यास लाविलें, त्यानें तें आपण होऊन घेतलें आहे काय, कीं दुसऱ्यानें त्याच्यावर लादलें आहे? हे दोन प्रश्न ध्यानांत धरले म्हणजे पुढील पाठ सोपा होईल.

१. तूं, तुम्ही आणि आपण

मराठींत समोरच्या एका माणसाशीं बोलण्यास तीन शब्द आहेत. "तूं" हा जवळिकीचा, "तुम्ही" हा मानाचा, आणि "आपण" हा त्याहूनहि अधिक आदराचा. एवढें शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. पण यावरून "तूं" हा शब्दच हलका आहे असें कोणी म्हणेल, तर तें बरोबर नाहीं. मूल आईला "तूं" म्हणतें. मित्र मित्राला "तूं" म्हणतो. कोंकणांतील कित्येक घरांत नातू आजोबांसहि "तूं" म्हणतो, व त्यांत कोणास अपमान वाटत नाहीं. विठोबापुढें उभा राहिलेला वारकरी त्यास "तूं"च म्हणतो, आणि आपणहि प्रार्थनेंत देवास "तूं" असेंच संबोधितों. जो शब्द देवास चालतो, तो मुळांत हलका कसा असेल?

मग तोच शब्द पाटलानें येसकरास म्हटला म्हणजे कां टोंचत असे? कारण तेथें तो एकाच बाजूनें जाई. पाटील विशीचा तरुण आणि येसकर साठीचा म्हातारा असला, तरी पाटलानें "काय रे, कोठें होतास तूं?" असें विचारावें, आणि म्हाताऱ्याच्या तोंडीं "जी", "मायबाप", "सरकार" असेच शब्द असावे. मित्रांमधील "तूं" हा पायवाटेसारखा आहे. तिच्यावरून दोन्ही बाजूंनीं माणसें जातात येतात. हा दुसरा "तूं" ओढ्याच्या पाण्यासारखा. तो वरून खालींच जावयाचा. तेव्हां दोष अक्षरांत नाहीं, तो न परतण्यांत आहे.

कोणी विचारील कीं, लहानानें वडिलांस "तुम्ही" म्हणावें व वडिलांनीं लहानास "तूं" म्हणावें, हेंहि एकाच बाजूचें नव्हे काय? आम्ही म्हणतों, नव्हे. आजचा लहान उद्यां वडील होतो, आणि त्यानें दिलेला मान पुढें त्यास त्याचीं मुलें देतात. वयाचा मान हें उसनें दिलेलें धान्य आहे. तें उशिरानें कां होईना, घरीं परत येतें. जन्मावरून द्यावयाचा मान मात्र कधींच परत येत नसे. येसकर ऐंशी वर्षांचा झाला, तरी पाटलाच्या घरचें दहा वर्षांचें पोर त्यास "तूं"च म्हणे.

येथें घरांतीलहि एक गोष्ट पाहावी. पुष्कळ घरांत बायको नवऱ्यास "अहो" म्हणते व त्याचें नांवहि उच्चारीत नाहीं. आणि नवरा तिला "ए" किंवा "अगं" म्हणून हांक मारितो. हा शब्दहि एकाच बाजूनें जातो, आणि येथें तर वयाचेंहि निमित्त पुरत नाहीं, कारण बायको कितीहि वृद्ध झाली तरी तिला "अहो" मिळत नाहीं. चावडीवरील "अरे"मुळें ज्याचें मन दुखावतें, त्यानें आपल्या चुलीपाशींचें "ए" एकदां तपासून पाहावें.

२. एका नांवाचीं अनेक रूपें

धोंडी हें नांव घ्या. आधींचीं मुलें जगलीं नाहींत, म्हणजे हें तरी दगडासारखें टिकून राहो, अशा आशेनें आईबाप हें नांव ठेवीत. नांव एकच, पण गांवांत त्याचीं रूपें किती होत तें पाहा: धोंड्या, धोंडी, धोंडीबा, धोंडीराव, धोंडोपंत. "धोंड्या" म्हणून ज्यास हांक येई तो बहुधा घरचा गडी किंवा गांवकुसाबाहेरचा मनुष्य. "धोंडीबा" हा कुणब्याच्या घरचा. "धोंडीराव" हा पाटलाच्या अथवा शिलेदाराच्या घराण्यांतला. आणि "धोंडोपंत" हा ब्राह्मण. शेवटचीं दोन अक्षरें ऐकलीं कीं, पुढें जात विचारण्याचें कारण उरत नसे. स्त्रियांचेंहि तसेंच: भागी, भागू, भागूबाई, भागीरथीबाई.

या शेवटच्या पदांचा उगम समजून घेण्यासारखा आहे. "राव" हा "राजा" या शब्दाचा वंशज आहे. "पंत" हा "पंडित" या शब्दापासून झाला, आणि "शेट" हा "श्रेष्ठी" म्हणजे मोठा व्यापारी या शब्दापासून. म्हणजे सत्ता, विद्या व संपत्ति या तीन गोष्टी नांवाच्या शेवटीं बांधलेल्या असत. ज्यास या तिन्हींपैकीं एकहि मिळूं द्यावयाची नव्हती, त्याचें नांव आंखूड करून त्यास "या" लावीत.

आईहि लाडानें लेकाला "राम्या" म्हणते, हें आम्हांस माहीत आहे. येथें पहिला प्रश्न लावावा. लेक लाडांत आला म्हणजे आईला "आये" म्हणून गळ्यांत पडतो. तेथें लाडाचें लाडानें परत मिळतें. मालकाच्या "राम्या"स परत देण्यास गड्यापाशीं कांहींच नसे.

ही केवळ अडाणी लोकांची रूढि होती असें समजूं नये. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत नांव कसें ठेवावें याचा नियमच दिलेला आहे. त्याप्रमाणें ब्राह्मणाचें नांव मंगल सुचविणारें, क्षत्रियाचें बळ सुचविणारें, वैश्याचें धन सुचविणारें, आणि शूद्राचें निंदा सुचविणारें असावें. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं भरलेल्या परिषदेंत त्या ग्रंथाचें दहन झालें. तेव्हां जे नियम अग्नींत पडले त्यांत नांवाचा हा नियमहि होता.

ज्यांस गांव तोडून हांक मारी, त्यांनीं आपसांत आपल्या नांवाचा मान राखून ठेविला होता, हेंहि ध्यानांत घ्यावें. महारांच्या समाजांत पुरुषाच्या नांवापुढें "नाक" हें पद जोडण्याची जुनी रीत होती. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें लढाई झाली. तेथें उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांत "नाक" शेवटीं असलेलीं अनेक नांवें वाचावयास मिळतात. १८८८ सालीं "विटाळ विध्वंसन" ही पुस्तिका लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर यांचें नांवहि गोपाळनाक विठ्ठलनाक असें होतें. गांवाच्या तोंडीं मनुष्य आंखूड झाला, पण दगडावर व कागदावर त्याचें नांव पुरतें लिहिलें गेलें.

३. रामराम, नमस्कार, जोहार

माणसाच्या भेटींत पहिला शब्द अभिवादनाचा. कुणब्यांमध्यें "रामराम" चाले. एकानें म्हटलें कीं दुसराहि तेंच म्हणे. हा शब्द आमच्या पहिल्या कसोटीस उतरतो. महारानें मात्र गांवकऱ्यास "जोहार" म्हणावयाचा, आणि गांवकरी त्यास उलट "जोहार" म्हणत नसे. चोखामेळा यांचे व एकनाथांचेहि "जोहार" या नांवाचे अभंग आहेत. त्यांत संतांनीं हाच शब्द देवाच्या दारीं नेला. गांवच्या दारीं मात्र तो तसाच राहिला.

अभिवादनावरून केवढा तंटा होई याचें एक उदाहरण मुंबईच्या इतिहासांत नमूद आहे. १७७९ सालीं मुंबईचे सोनार लोक "नमस्कार" हा शब्द वापरूं लागले, याविषयीं ब्राह्मणांनीं तक्रार केली. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनें ठराव करून सोनारांस तो शब्द वापरण्याची मनाई केली. विचार करा कीं, व्यापाराकरितां सातासमुद्रांपलीकडून आलेलें सरकार, आणि त्यानें हुकूम काढावा तो कोणी कोणास कसें अभिवादन करावें याचा! यावरून हें दिसून येतें कीं, असे शब्द म्हणजे रिकामा वारा नव्हे. ज्यांच्यापाशीं मान होता, ते एका शब्दासाठीं सरकारदरबारीं जाण्यास तयार होते. कारण तो शब्द सर्वांचा झाला तर आपलें वेगळेपण जाईल हें ते पक्कें जाणून होते.

पुढें विसाव्या शतकांत "जोहार" मागें पडला व त्याच्या जागीं "जय भीम" आला. या नव्या शब्दाचा मोठा गुण हाच कीं, तो एकानें म्हटला तर दुसरा तोच परत म्हणतो, मग एक जण मोठा अंमलदार असो कीं मजूर असो. आपल्या मंडळ्यांत "सलाम" म्हणण्याची जुनी रीत आहे. त्या अरबी शब्दाचा अर्थ शांति असा आहे, आणि तीहि उलट द्यावयाचीच असते. पण कोणी सलामास नुसती मान हालवून उत्तर दिलें, तर त्यानें त्या सलामाचा जोहार करून टाकला असें समजावें.

४. कामाचे शब्द व वतनाचे शब्द

गांवगाड्यांतील पुष्कळसे दर्जाचे शब्द आरंभीं कामाचे शब्द होते. पाटील म्हणजे गांवचा मुख्य, कुळकर्णी म्हणजे कुळांचा हिशेब लिहिणारा. परगण्यावर देशमुख, व त्याचा लेखनिक देशपांडे. येसकर म्हणजे वेशीची राखण करणारा. कुणबी हा शब्द "कुटुंबी" म्हणजे घरसंसार करणारा गृहस्थ यापासून आला असें विद्वान मानतात. "रयत" हा शब्द अरबी असून त्याच्या मुळाशीं राखलेल्या कळपाचा अर्थ आहे. राजा धनगर व प्रजा मेंढरें, अशी ती कल्पना.

हे शब्द कामाचेच राहते तर कोणाची तक्रार नव्हती. परंतु काम बापाकडून लेकाकडे वतन म्हणून जाऊं लागलें. "वतन" या अरबी शब्दाचा मूळ अर्थ जन्मभूमि असा आहे. मराठींत त्याचा अर्थ पिढीजाद हक्क असा झाला. मग ज्याच्या वांट्यास पाटीलकी आली त्यास पोळ्याचा व होळीचा मान मिळाला. आणि ज्याच्या वांट्यास वेशीची राखण, टपाल, ओझें व मेलेलें जनावर ओढणें हीं कामें आलीं, त्यास तींच पिढ्यान् पिढ्या करावीं लागलीं. दोघेहि "वतनदार"च म्हणविले जात. पण एकाचें वतन मान होतें, दुसऱ्याचें वतन बेडी. जमिनीवरहि तेंच: वंशपरंपरा जमीन धरणारा तो "मिरासदार", आणि बाहेरून येऊन कसणारा तो "उपरी". घाम दोघांचा सारखा, शब्द निराळा.

ही बेडी तोडण्यास फार वेळ लागला. डॉ. आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत महार वतनाच्या सुधारणेचें बिल मांडिलें. कोंकणांतील खोती नाहींशी करण्याचा कायदा १९४९ सालीं झाला, परगणा व कुळकर्णी वतनांचा १९५० सालीं, व गांवच्या कनिष्ठ वतनांचा १९५८ सालीं. मुलकी पाटलांचें वंशपरंपरेचें पद १९६२ च्या कायद्यानें गेलें. आज गांवांत जे पोलीस पाटील असतात ते १९६७ च्या कायद्याप्रमाणें नेमलेले असतात. तें पद बापाकडून लेकास मिळत नाहीं.

येथें एक गोष्ट सूक्ष्मपणें पाहावी. १९५८ च्या कायद्याच्या नांवांतच "कनिष्ठ" हा शब्द आहे. जो कायदा हीनता काढण्यास आला, त्यासहि तिचें नांव घेऊनच यावें लागलें. आणि पाटील, देशमुख, कुळकर्णी हीं कामें गेलीं, तरी ते शब्द आडनांवें होऊन राहिले. आडनांव म्हणून त्यांस कोणी नांवें ठेवूं नयेत. पण नुसतें आडनांव ऐकून एकास खुर्ची पुढें करावी व दुसऱ्यास उंबऱ्यापाशीं उभें ठेवावें, तर कायद्यानें गेलेलें वतन आपण मनांत चालविलें असें होईल.

५. पदव्या

"साहेब" हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ सोबती, व पुढें धनी. आपल्या देशांत त्याचा दुसरा अर्थच राहिला. इंग्रज सरकार आपल्या मर्जींतील लोकांस रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर अशा पदव्या देत असे. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेच्या १८ व्या कलमानें लष्करी व विद्याविषयक पदव्यांखेरीज सरकारनें कोणतीहि पदवी देण्याची बंदी केली. त्याच्या आधींचें १७ वें कलम अस्पृश्यता नाहींशी करणारें आहे. हीं दोन कलमें एकापुढें एक आहेत, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें: एकानें मनुष्याच्या पायांखालचा खड्डा बुजविला, व दुसऱ्यानें दुसऱ्याच्या पायांखालचा चौरंग काढून घेतला.

लोकांनीं प्रेमानें दिलेल्या पदव्या याहून निराळ्या. जोतीराव फुले यांस १८८८ सालीं मुंबई येथें लोकांनीं "महात्मा" ही पदवी अर्पण केली. "बाबासाहेब" या नांवांत घरचा "बाबा" व कचेरींतला "साहेब" एकत्र झाले आहेत. ज्यांस कचेरीच्या पायरीवरहि उभें राहूं देत नसत, त्यांनीं तो शब्द आपल्या माणसाकरितां घरांत आणिला. असली पदवी हुकमानें मिळत नाहीं व हुकमानें जातहि नाहीं.

६. ज्यांस नांव दुसऱ्यांनीं ठेविलें

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. "अस्पृश्य" या शब्दाचा अर्थ शिवूं नये असा. परंतु शिवत नाहीं तो दुसरा. दोष त्याचा, आणि नांव मात्र लाविलें यास! एकानें दार लावून घ्यावें व बाहेर राहिलेल्याचें नांव "दारबंद" ठेवावें, तसें हें झालें. म्हणून ज्यांस कळकळ होती त्यांनीं दुसरे शब्द शोधिले. जोतीराव फुले "अतिशूद्र" असें लिहीत. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०६ सालीं मुंबई येथें जी संस्था काढिली, तिच्या मराठी नांवांत "निराश्रित" हा शब्द होता. डॉ. आंबेडकर यांनीं १९२४ सालीं "बहिष्कृत हितकारिणी सभा" स्थापिली व १९२७ सालीं "बहिष्कृत भारत" हें पत्र काढिलें. "निराश्रित" हा शब्द दया उत्पन्न करितो. "बहिष्कृत" हा शब्द मात्र विचारतो कीं, बहिष्कार घातला कोणी? दोन शब्दांतील हा भेद लहान नाहीं.

१९३२ च्या पुणें करारानंतर गांधीजींनीं "हरिजन" हा शब्द चालविला, व १९३३ च्या फेब्रुवारींत त्या नांवाचें इंग्रजी साप्ताहिक पुण्याहून निघूं लागलें. हेतु चांगला होता. परंतु ज्यांच्याकरितां तो शब्द होता त्यांतील पुष्कळांस तो रुचला नाहीं. देवाचे लोक हेच, तर बाकीचे कोणाचे? आणि नांव गोड झालें म्हणून विहीर उघडी होते काय? १९३८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत एका बिलांत हा शब्द आला, तेव्हां स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद निषेध करून सभागृहाबाहेर गेले. पुढें १९८२ सालीं केंद्र सरकारनेंहि राज्यांस कळविलें कीं, जातीच्या दाखल्यांत हा शब्द घालूं नये.

१९३५ च्या कायद्यानें यादी हा शब्द पुढें आला. म्हणून सरकारी भाषेंत "अनुसूचित जाति" असें म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें लाखों लोकांनीं धम्मदीक्षा घेतली, आणि "बौद्ध" हें नांव आपण होऊन घेतलें. "दलित" म्हणजे तुडविलेला, भरडलेला. १९७२ सालीं मुंबईंत दलित पँथर निघाली तेव्हांपासून तो शब्द अभिमानानें उच्चारला जाऊं लागला. तरी २०१८ सालीं केंद्र सरकारनें वृत्तसंस्थांस सूचना केली कीं, त्याऐवजीं "अनुसूचित जाति" असें लिहावें. आणि त्यावर पुष्कळांनीं हरकत घेतली कीं, आमचा शब्द आम्हांस राहूं द्या. मांग म्हणविले जाणारे स्वतःस मातंग म्हणवितात, चांभार चर्मकार, न्हावी नाभिक. कोणी हंसून म्हणतो, "शब्द बदलल्यानें काय होतें?" ज्याचें नांव कधींच बिघडविलें गेलें नाहीं, त्यास हा प्रश्न सुचतो.

वस्त्यांचेंहि असेंच. महारवाडा, मांगवाडा अशीं नांवें पत्त्यावर लिहिलीं म्हणजे टपाल हातीं घेणाऱ्यासहि जात कळे. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें निर्णय केला कीं, जातिवाचक वस्त्यांचीं व रस्त्यांचीं नांवें बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतिनगर, क्रांतिनगर अशीं नांवें द्यावीं. पाटी बदलणें सोपें. पण गांवची जीभ जुनें नांव विसरते कीं नाहीं, हें गांवकऱ्यांनींच पाहावयाचें.

आपल्या लोकांस तर कागदावरील शब्दाचा भार दुहेरी आहे. अनुसूचित जातींविषयींचा जो आदेश १९५० सालीं निघाला, त्यांत १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध यांस घेतलें; ख्रिस्ती झालेल्यांस घेतलें नाहीं. त्यामुळें सरकारच्या यादींत जात सुटली, पण गांवाच्या तोंडांतून ती सुटली नाहीं, असें पुष्कळांच्या अनुभवास आलें आहे. म्हणून शाळेंत मुलाचें नांव दाखल करितांना जें खरें तेंच, पूर्ण व सर्व कागदांत एकसारखें लिहावें. खोटें लिहूं नये, व लाजेनें अर्धवटहि लिहूं नये.

७. आपण काय करावें

पहिलें, हजेरीपटांत व नोंदवहींत सर्वांचीं नांवें एकाच रीतीनें लिहावीं. एकाचें "धोंडीराव" व दुसऱ्याचें "धोंड्या" असें चालूं देऊं नये. मुलास हांक मारितांना त्याच्या आईनें पाळण्यांत ठेविलेलें नांव सबंध उच्चारावें.

दुसरें, वयानें मोठा जो कोणी असेल, मग तो शेतमजूर असो, झाडलोट करणारा असो किंवा दारीं आलेला भिकारी असो, त्यास "तुम्ही" म्हणावें. उपदेशकास लोक "मास्तर" किंवा "साहेब" म्हणतात, आणि तो मंडळींतील म्हाताऱ्यास "अरे" म्हणतो, हें बरें दिसत नाहीं. सभेंत सोन्याची आंगठी घालून आलेल्यास चांगली जागा व मळक्या वस्त्राच्यास पायांपाशीं जागा देण्याविषयीं याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत जो ठपका आहे, तो जागेप्रमाणें शब्दांसहि लागू आहे.

तिसरें, कोणत्याहि जातीचें नांव शिवी म्हणून किंवा थट्टेच्या म्हणींत वापरूं नये. अनुसूचित जाति-जमातींच्या मनुष्याचा लोकांदेखत जातिवाचक शब्दानें अपमान करणें हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीनें आवरलेली जीभ ही बांधलेल्या बैलासारखी. दावें सुटलें कीं ती पुन्हा शेतांत शिरते. आणि ही संवय फक्त दुसऱ्यांचीच आहे असेंहि नाहीं. महारांतून आलेले व मांगांतून आलेले एकाच मंडळींत बसून एकमेकांस कोणत्या शब्दांनीं ओळखतात, हें प्रत्येक मंडळीनें स्वतःस विचारावें.

चवथें, जो ज्या नांवानें आपणांस ओळखावें असें म्हणतो, त्याच नांवानें त्यास ओळखावें. वाद घालूं नये.

शेवटीं आपल्या भाषेंतील एक सुंदर गोष्ट सांगून हा पाठ पुरा करितों. मराठींत स्वतःच्या समूहाकरितां दोन शब्द आहेत. "आम्ही" म्हटलें म्हणजे बोलणारे निराळे व ऐकणारा निराळा. "आपण" म्हटलें म्हणजे ऐकणाराहि त्यांत आला. आणि समोरच्या मनुष्यास अति मान द्यावयाचा तर त्यास जो शब्द लावितात, तोहि "आपण"च. ज्यांनीं ही भाषा घडविली त्या शेतकऱ्यांनीं, कारागिरांनीं व दळणाऱ्या बायांनीं सर्वांत मोठा मान व सर्वांस आपल्यांत घेणें या दोहोंस एकच शब्द दिला आहे. तो शब्द वापरण्यास पैसा लागत नाहीं, वतन लागत नाहीं, व कोणाची परवानगीहि लागत नाहीं.

अभ्यासाचे प्रश्न

१. शब्द पारखण्याच्या दोन कसोट्या कोणत्या? प्रत्येकीचें एक उदाहरण आपल्या गांवांतील द्या.
२. वयाचा मान व जन्माचा मान यांत काय भेद आहे?
३. १७७९ सालच्या मुंबईच्या ठरावावरून अभिवादनाच्या शब्दाविषयीं काय कळतें?
४. "अस्पृश्य", "निराश्रित", "बहिष्कृत" व "दलित" या चार शब्दांत दोष कोणाकडे दाखविला आहे?
५. आपल्या शाळेचा हजेरीपट व मंडळीची नोंदवही काढून पाहा. त्यांत एकाच रीतीनें न लिहिलेलीं नांवें किती आहेत? तीं पुढील सभेच्या आंत नीट करा.